जीपीएसचा सिग्नल जिथे रेंगाळतो तो थर शोधणारे ॲपलटन

मॅपवरचा निळा ठिपका कधी कधी आपल्यापासून काही मीटर बाजूला दिसतो ना? त्याचं एक कारण आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग. जीपीएसचा सिग्नल त्यातून येताना जरा रेंगाळतो. हा भाग खरंच आहे हे मोजून दाखवणाऱ्या सर एडवर्ड ॲपलटन यांच्याबद्दल मी आज सांगणार आहे.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १८९२ चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. शिक्षण केंब्रिजला. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना रेडिओची गोडी लागली. तेव्हा एक कोडं होतं: रेडिओलहरी सरळ जातात, मग १९०१ मध्ये मार्कोनीचा सिग्नल गोल पृथ्वीला वळसा घालून अटलांटिकपार गेला कसा? वर आरशासारखा थर असावा, असा अंदाज केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये मांडला. पण पुरावा कुठे होता?

डिसेंबर १९२४ मधला प्रयोग मला फार आवडतो. बीबीसीचे कार्यक्रम संपल्यावर, मध्यरात्रीनंतर, बोर्नमथच्या ट्रान्समीटरची तरंगलांबी हळूहळू बदलायची. ऑक्सफर्डला ॲपलटन आणि त्यांचा विद्यार्थी माइल्स बार्नेट सिग्नल मोजायचे. जमिनीवरून आलेली आणि वरून परतलेली लहर एकमेकींत मिसळून सिग्नल कमी-जास्त व्हायचा. ते चढउतार मोजून थराची उंची निघाली, सुमारे १०० किमी! पुढे त्याच्याही वर एफ थर सापडला. १९४७ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

पण एफ थराच्या सर्वात दाट भागापलीकडचं या पद्धतीने जमिनीवरून दिसत नाही, कारण त्याला भेदून गेलेली लहर परत येत नाही. मग १९६२ मध्ये कॅनडाच्या अलुएट-१ उपग्रहाने सुमारे १,००० किमीवरून खाली रेडिओलहरी सोडून वरची बाजू तपासली. तेव्हा सूर्य शांत होत चालला होता. ॲपलटन २१ एप्रिल १९६५ ला गेले, म्हणजे हे त्यांच्या हयातीतच घडलं.

सूर्य शांत असला की अतिनील किरणं घटतात, इलेक्ट्रॉनही घटतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या सी/नॉफ्स उपग्रहाला रात्री आयनोस्फिअरची वरची सीमा सुमारे ४२० किमीवर आढळली. अपेक्षा होती ६४० किमीची.

आपला संबंध काय? चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनचे दाट पट्टे असतात. त्यांना ॲपलटन यांचंच नाव आहे, आणि उत्तरेकडचा पट्टा गुजरात-मध्य भारतावरून जातो. म्हणून नवा फोन घेताना ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस आहे का ते बघा. दोन सिग्नलच्या उशिरातला फरक पाहून तो ही चूक बरीचशी काढून टाकतो.