बाबासाहेबांनी सरकारी तिजोरीचा अभ्यास का केला?

जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. ते नेमके काय शिकले, हे मात्र क्वचितच विचारतो.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढे लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.चा विषय होता प्रांतिक वित्तव्यवस्था. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, याचा तो शोध होता. १९२५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला.

ही विद्या कागदावर राहिली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणीही त्यांच्याच खात्यात झाली.

आम्ही वस्त्यांत काम करतो. योजनेचा निधी न वापरताच परत गेल्याचे आपल्याला कळते, तेव्हा मार्च उलटून गेलेला असतो. मोर्चाला शेकडो येतात. अर्थसंकल्प वाचणारे मोजकेच. म्हणून पदवीनंतर सार्वजनिक धोरण हा विषय जरूर घ्या. नोकरी मिळवा, पण आपल्या तालुक्याचा हिशेबही मागा.

जय भीम!