डिझेल साहेबांचे इंजिन

डिझेल हे तेलाचे नाव आहे असे मला वाटत होते. गुरुजींनी सांगितले की ते माणसाचे आडनाव आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मन होते. रुडॉल्फ बारा वर्षांचे असताना युद्ध लागले व घर सोडावे लागले. मग त्यांना एकट्यालाच जर्मनीत औग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे धाडले. शिकून ते इंजिनिअर झाले.

त्या काळी वाफेची इंजिने होती. कोळशाची बहुतेक उष्णता वायाच जाई. डिझेल यांनी वेगळाच विचार केला. हवा जोराने दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसेच. ती इतकी दाबायची की आत तेल उडवले की आपोआप पेटेल. काडी नको, ठिणगी नको.

पण इंजिन काही सुरू होईना! ऑगस्ट १८९३ मध्ये आत असा बार उडाला की दाब मोजायचे यंत्र फुटून तुकडे उडाले. इंजिन आपण होऊन फिरेना, पट्टा लावून फिरवावे लागे. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते स्वतःच्या बळावर फिरले, तेही एकच मिनिट. नीट चालायला १८९७ साल उजाडले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात तसले एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवले!

शेवटी डिझेल यांच्यावर फार कर्ज झाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बोटीने इंग्लंडला जाताना ते नाहीसे झाले. पुढे समुद्रात त्यांचे प्रेत सापडले. मला फार वाईट वाटले.

आमच्या टोकावड्याच्या शेतावर पाण्याचे इंजिन आहे. यंदा थंडीत तेही अडून बसले. हँडल मारून मारून बाबांना घाम फुटायचा, पण नुसता पांढरा धूर. नळीतली हवा काढली, जाळी धुतली, तरी तेच. वांगी माना टाकायला लागली. मग मिस्त्रीकाका आले. त्यांनी सांगितले की रिंगा झिजल्यात, दाबलेली हवा बाजूने निसटते, मग तापणार कशी? त्यात पहाटेचं लोखंड गारठलेलं. मला तर लगेच समजले, कारण सायकलचा वायसर गेला की आमच्या पंपाचं पण असंच होतं.

नव्या रिंगा घातल्यावर बाबांनी हँडल फिरवलं आणि वरचा खटका मी पाडला. दुसऱ्याच फेरीला इंजिन लागलं. पाणी वांग्यांपर्यंत जाईस्तोवर मी बांधावरच बसले होते.