स्त्रीरोगशास्त्राचे ‘जनक’ डॉ. सिम्स: ज्यांच्यावर शिकले, त्यांना नाही म्हणता येत होतं का?

स्त्रियांच्या तपासणीसाठी एमबीबीएसचे विद्यार्थी आजही ‘सिम्स स्पेक्युलम’ हातात घेतात. हे नाव जेम्स मॅरियन सिम्स यांचं. जन्म १८१३, अमेरिकेतलं साउथ कॅरोलिना.

बाळंतपणात इजा होऊन लघवी सतत गळत राहते, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर उपाय शोधण्यासाठी सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या माँटगोमेरीत गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या, त्याही भूल न देता. त्यातल्या तिघींचीच नावं उरली: ॲनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या ॲनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या.

या स्त्रियाच उपचारासाठी उत्सुक होत्या, असं सिम्स यांनी लिहून ठेवलं. पण कायद्याने त्या मालकाची मालमत्ता होत्या. नकाराचा हक्कच नसेल, तर होकाराला अर्थ काय? मदतीला येणारे डॉक्टर दुरावल्यावर तर याच स्त्रियांना त्यांनी मदतनीस म्हणून तयार केलं.

१८५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू झालं. १८८३ साली ते वारले. सेंट्रल पार्कमधला त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हटवला गेला.

प्रश्न मात्र जुना झालेला नाही. भूल दिलेल्या रुग्णाची अशी नाजूक तपासणी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी करायची, तर आधी तिची संमती हवीच, असं अमेरिकन सरकारने रुग्णालयांना बजावलं ते २०२४ मध्ये.