भुंग्यांचा डायरेक्टर

रूममध्ये साधं झुरळ निघालं तरी आपण आधी चप्पल शोधतो. पण एका माणसाने अशाच किड्यांना हिरो-हिरॉईन बनवलं आणि लोकांना पोट धरून हसवलं. त्यांचं नाव व्लादिस्लाव स्टारेविच. कार्टून आपण सगळेच आवडीने बघतो, पण हे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

स्टारेविच यांचा जन्म १८८२ साली मॉस्कोत झाला. आईवडील पोलिश. बालपण गेलं कोव्हनो शहरात, जे आज लिथुआनियात आहे. लहानपणापासून त्यांना दोनच नाद होते, चित्रं काढणं आणि किडे जमवणं.

१९१० च्या सुमारास त्यांना भुंग्यांची झुंज कॅमेऱ्यात पकडायची होती. हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेले हे भुंगे रात्री लढतात. पण शूटिंगसाठी दिवे लावले की ते गप्प पडून राहायचे. म्हणजे प्रॅक्टिकल पूर्ण फेल! आपण असतो तर मित्राची रीडिंग्ज उतरवून मोकळे झालो असतो. स्टारेविच यांनी मात्र मेलेले भुंगे घेतले, त्यांचे पाय काढून तारेचे पाय लाखेने चिकटवले. मग पाय किंचित हलवायचा, एक फोटो घ्यायचा. परत हलवायचा, परत फोटो. सेकंदाला १६ फोटो धरले तरी एका मिनिटाला जवळजवळ १००० होतात. एवढा पेशन्स कुठून आणायचा?

पुढे मॉस्कोत खानझोन्कोव्ह यांच्या कंपनीत त्यांनी असे बरेच सिनेमे केले. १९१२ चा 'कॅमेरामनचा सूड' तर अफलातून आहे. भुंगेराव घरी बायकोला सोडून शहरात एका नर्तकीच्या मागे लागतात. ही नर्तकी म्हणजे चतुर. तिच्यावर जीव असलेला नाकतोडा असतो कॅमेरामन. तो चावीच्या भोकातून सगळं शूट करतो आणि भुंगेराव बायकोला घेऊन थिएटरात आले की पडद्यावर तेच दाखवतो! अर्थात बायकोही काही कमी नसते, पण ते तुम्हीच बघा. किड्यांची हालचाल इतकी खरी वाटायची, की हे शिकवून तयार केलेले जिवंत किडे आहेत असंच काही प्रेक्षक समजले, असं सांगतात.

एवढं नाव झालं आणि १९१७ ची क्रांती आली. स्टारेविच आधी याल्टाला गेले, मग १९२० च्या सुमारास फ्रान्सला. नवा देश, नवी भाषा, मोठा स्टुडिओ नाही. त्यांनी पॅरिसजवळ घरातच काम सुरू केलं. पत्नी ॲना बाहुल्यांचे कपडे शिवायची, मुलगी इरीन सिनेमात मदत करायची, धाकटी नीना त्यात कामही करायची. १९३३ च्या सिनेमात कापडाचा एक छोटा कुत्रा आजारी मुलीसाठी संत्रं शोधायला निघतो. हसता हसता डोळे कधी भरतात ते कळत नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे लबाड कोल्ह्यावरचा पूर्ण लांबीचा सिनेमा. दीड वर्षात चित्रीकरण झालं, पण आवाजाचं तंत्र काही जमेना. तयार सिनेमा कित्येक वर्षं पडून राहिला. शेवटी जर्मनांनी पैसे दिले आणि १९३७ मध्ये तो बर्लिनमध्ये लागला, डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'च्या काही महिने आधी. फ्रेंचमध्ये यायला १९४१ उजाडलं.

१९६५ मध्ये स्टारेविच गेले, तेव्हाही एक सिनेमा अर्धवट होता. वय ८२! विचार करा, त्या रात्री भुंगे नीट लढले असते, तर ही सगळी करामत सुचली तरी असती का? पुढच्या वेळी लॅबमध्ये आपलं काही बिघडलं, की लगेच कॅन्टीन गाठण्याआधी एकदा या भुंग्यांची आठवण काढूया.