मेणबत्तीच्या उजेडातली सोफी

मैत्रिणींनो, शाळेतल्या मूळ संख्या आठवतात ना? १ आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. आता ११ घ्या. दुप्पट करून १ मिळवा. आले २३, तीही मूळच! पण ७ चं तसं होत नाही. १५ येतात, त्यांना ३ ने भाग जातो. ११ सारख्या या खास संख्यांना एका बाईचं नाव आहे, सोफी जर्मेन.

सोफी १७७६ मध्ये पॅरिसमध्ये जन्मली. वडील रेशमाचे व्यापारी. ती १३ वर्षांची असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. रस्त्यावर दंगे, मग पोर रमली वडिलांच्या पुस्तकांत. तिथे तिला आर्किमिडीज भेटला. गणितात इतका गढलेला, की समोर शिपाई उभा ठाकला तरी भान नाही, आणि त्यातच जीव गेला. माणूस जीव विसरतो असं गणितात आहे तरी काय, या विचाराने तिला झपाटलं.

मुलीच्या जातीला गणित कशाला, म्हणून आईवडील रात्री मेणबत्त्या, शेकोटी, उबदार कपडे काढून घेत. ही लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, पांघरूण लपेटून अभ्यास करायची. दौतीतली शाई गोठायची! शेवटी घरच्यांनीच हात टेकले. पुढे वडिलांनीच तिला आयुष्यभर आधार दिला.

१७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक निघालं, पण मुलींना दार बंद. सोफीने ल ब्लाँ या पुरुषी नावाने टिपणं मिळवली, लाग्रांजसारख्या गणितज्ञाला उत्तरं पाठवली. त्याच नावाने जर्मनीतल्या गाऊसलाही १८०४ पासून पत्रं लिहिली. १८०६ मध्ये नेपोलियनचं सैन्य गाऊसच्या गावात शिरलं, तेव्हा तिला आर्किमिडीजच आठवला. ओळखीच्या सेनापतीला तिने गाऊसला जपायला सांगितलं. गाऊसला कळेना, ही सोफी कोण? तिने खरं सांगितल्यावर त्याचा आदर दुणावलाच.

दोन घनांची बेरीज तिसरा घन होत नाही, चौथ्या-पाचव्या घातांचंही तसंच, असं फर्माचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायच्या वाटेवर या खास संख्यांच्या मदतीने सोफीने मोठी मजल मारली. पूर्ण उत्तर मिळायला १९९० चं दशक उजाडलं.

कंप पावणाऱ्या पत्र्यांच्या गणितासाठी १८१६ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात, तिला विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं. १८३१ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर गणितज्ञ नाही, मालमत्ताधारक अशी नोंद झाली. १८८९ च्या आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञांची नावं कोरली, त्यात एकही बाई नव्हती.

पण संख्या तिला विसरल्या नाहीत. २०१६ मध्ये सापडलेल्या एका सोफी जर्मेन संख्येत तब्बल ३,८८,३४२ अंक आहेत! अशा संख्यांना अंत आहे की नाही, हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

तेव्हा लेक रात्री उशिरापर्यंत गणितं सोडवत बसली, तर दिवा मालवू नका. हवं तर कपभर दूध नेऊन द्या.