अश्वारूढ पेशवा

इ. स. १७०० मध्ये जन्मलेल्या थोरल्या बाजीराव पेशव्यांचे आयुष्य बहुतांशी घोड्याच्या पाठीवर गेले.

प्रत्येक घोड्याची चाल निराळी. एकाची दौड स्वारास हिंदकळविते, तर दुसऱ्याची पाळण्याप्रमाणे झुलविते. दिवसचे दिवस खोगिरावर काढणाऱ्यास ही पारख असावीच लागे. मराठ्यांची भीमथडी तट्टे अंगाने लहान, परंतु मोठी चिवट. त्यांच्या बळावर बाजीराव १७२७ च्या अखेरीस जालना परगण्यावर चालून गेले. निजामाचा सरदार ऐवजखान आडवा येताच त्यास हुलकावणी देऊन ते खानदेशमार्गे गुजरातेत उतरले. पाठलागात निजामाच्या अवजड तोफा मागे राहिल्या आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे त्याचे सैन्य पाण्यावाचून कोंडले गेले.

१७४० मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव मोहिमेवर असतानाच निवर्तले.