डॉ. सर हरिसिंह गौर : कुटुंबाच्या कायद्याचा भाष्यकार

विवाह, वारसा आणि दत्तक हे प्रत्येक घराशी निगडित विषय आहेत. त्यांचे नियम कोणत्या संघर्षातून घडले, हे मात्र आपल्याला क्वचितच ठाऊक असते. ते समजून घेण्यासाठी प्रस्तुत घटकात आपण डॉ. सर हरिसिंह गौर यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेऊ.

गौर यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1870 रोजी सागर येथे एका सामान्य कुटुंबात झाला. नागपूर येथे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. पुढे नागपुरात त्यांनी वकिलीत नाव मिळवले. 1918 ते 1922 या काळात ते नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षही होते.

तत्कालीन नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. तेथे हिंदी आणि मराठी घराणी शेजारी राहत. परंतु त्यांचा वारसा कायदा एक नव्हता. स्थलांतरित कुटुंब आपल्या मूळ प्रांताचा कायदा सोबत आणते, असे न्यायालये मानत. उदाहरणार्थ, जवळचा वारस नसलेल्या विभक्त पुरुषाची बहीण मुंबई परंपरेनुसार वारस ठरे; बनारस परंपरेनुसार मात्र 1929 च्या कायद्यापर्यंत तिला वारसांत स्थान नव्हते. त्यामुळे घराणे मूळचे कुठले, या प्रश्नावर एखाद्या स्त्रीचा निर्वाह अवलंबून राही. असा विखुरलेला हिंदू कायदा गौर यांनी आपल्या 'द हिंदू कोड' या ग्रंथात कलमवार मांडला.

केवळ ग्रंथलेखनावर ते थांबले नाहीत. 1921 पासून ते केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते. 1872 च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी विवाह करणाऱ्या वधूवरांना, आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म पाळत नाही, असे लिहून द्यावे लागे. परजातीत विवाह करू इच्छिणाऱ्या श्रद्धाळू हिंदूपुढे त्यामुळे असत्य प्रतिज्ञापन करणे किंवा विवाहाचा विचार सोडणे, एवढेच मार्ग उरत. गौर यांनी या अटीविरुद्ध विधेयक मांडले. त्यांचा मूळ मसुदा व्यापक होता. विरोधामुळे तो संकुचित करावा लागला. अखेर 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना धर्म न नाकारता परस्परांत नोंदणी विवाह करण्याची मुभा मिळाली.

या सवलतीची किंमतही आपण लक्षात घ्यावी. असा विवाह करणारी व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली, असे कायदा मानू लागला. तिला दत्तक घेण्याचा अधिकार उरला नाही. उलट तिच्या पित्यास दुसरा पुत्र हयात नसेल, तर त्याला दत्तक घेण्याची मोकळीक मिळाली. धर्म राखता आला, तरी कुटुंबातील स्थान गमवावे लागले.

गौर दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. 1946 मध्ये आपल्या संपत्तीतून त्यांनी सागर विद्यापीठ स्थापन केले. 25 डिसेंबर 1949 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने आंतरजातीय हिंदू विवाह सर्वत्र वैध ठरले होते. 1954 मध्ये नवा विशेष विवाह कायदा आला, तरी त्यात एकत्र कुटुंबातून विभक्त होण्याची तरतूद कायम राहिली. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असल्यास ती लागू होणार नाही, अशी दुरुस्ती 1976 मध्ये झाली. दोघांपैकी एक अन्य धर्माचा असल्यास मात्र त्या चौघांपैकी एका धर्माच्या व अविभक्त कुटुंबातील जोडीदारास ती आजही लागू होते.

यावरून आपल्या लक्षात येईल की, कौटुंबिक कायद्यातील सुधारणा टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्यावर तिची झळ एखाद्या घराला सोसावी लागते. गौर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांनी मिळवलेली मुभा आणि तिच्यासोबत आलेली हानी, या दोन्ही बाजू आपण विचारात घ्याव्यात.